माझ्या नावाचा नारळ

मधली वाडी
२२ मार्च २००४

शिमग्याला चार दिवस आलास, देवळात सगळ्या गावासमोर माझ्या नावाने नारळ ठेवलास आणि दुसऱ्या दिवशी बॅग उचलून मस्कतला गेलास. घरापुढचं तुझं खळं नि माझं खळं यांच्यामध्ये एक गडगा आहे, महिपत. कमरेएवढा दगडांचा. त्यावरून ओरडला असतास तरी मला ऐकू आलं असतं, अजून बहिरी झाले नाही. पण नाही. तू देवाला सांगितलंस, गुरवाने ते गावाला सांगितलं, आणि गावाने मला सांगितलं ते बोलणं बंद करून.

आता नमस्कार. मी बरी आहे. तूही बरा असशील.

हे माझ्या हाताने लिहितेय. शाळा दुसरीपर्यंत, पुढे तुझ्या काकांनी येशूचं शास्त्र पुढ्यात ठेवून जी अक्षरं घोटून घेतली त्यावर चाललंय. चुका काढू नकोस. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा, शेंबडा. पाटीवर अक्षरं तुला मीच शिकवली, तेव्हा माझ्या चुका तुझ्यातही असतील.

गाऱ्हाणं काय घातलंस ते मला चार तोंडांनी कळलं. ज्याने गडगा सरकवून माझ्या बापाची जागा खाल्ली, त्याला वर्षाच्या आत दाखव. नाव घेतलं नाहीस म्हणे. गडग्याला बाजू दोन, एका बाजूला तू. नाव घ्यायची गरजच काय.

गडगा होता तिथेच आहे. हे एकदा लिहिलं, परत लिहिणार नाही.

तू गेल्यावर बैठक झाली. रघू गावकर म्हणाला, नारळाचा निकाल लागेपर्यंत यमुनाबाईशी बोलणं नाही, तिच्याकडे येणं-जाणं नाही. कारण काय, तर मी देवळात येऊन माझी बाजू मांडली नाही. तुझे काका नि मी प्रभूच्या मागे गेलो तेव्हा रघू नागडा फिरत होता. तेव्हापासून मी त्या देवळाची पायरी चढत नाही हे त्याला पाठ आहे. पण गावकर झाला की माणसाला आठवत नाही.

गिरणीवाल्याने भात भरडायला घेतलं नाही. दुकानात गेले तर दुकानदार पाठ करून बरण्या पुसत बसला. दुकान काढल्यापासून त्या बरण्या पुसल्या नव्हत्या, तेवढं माझ्यामुळे झालं.

रत्नागिरीच्या चर्चचे पाळकबाबा आले होते. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "यमुनाबाई, महिपतसाठी प्रार्थना करा."

म्हटलं, "करते. काय मागू?"

"त्याचं भलं मागा."

"दुसरं काही सांगा."

त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही. म्हणून रोज सकाळी तुझं भलं मागते. दात आवळून मागते. तसं मागितलेलं चालतं का, ते विचारायचं राहिलं.

भीती मला वाटत नाही. येशूच्या माणसाला नारळाची भीती कसली. हल्ली दिवस मावळायच्या आत दार लावते, ते डासांमुळे.

हे पत्र नसीमा पोस्टात टाकील. ती मासे विकायला येते, तिला आमच्या गावकीचा नियम लागू नाही. तिचा नवरा कमाल तुझ्याच कंपनीत आहे, त्याच्याकडून ती विचारून घेणार आहे, तेव्हा पत्र मिळालं नाही असं सांगू नकोस.

काकी


मधली वाडी
६ जून २००४

पत्र मिळालं, खिशात घातलंस आणि कामाला गेलास. कमालने शुक्रवारच्या फोनवर नसीमाला सांगितलं, नसीमाने मला. फाडलं नाहीस, एवढं समजलं.

इकडचं ऐक. मे महिन्यात गावच्या बावीचा तळ दिसायला लागला. पाण्यात हात घातला तर चिखल यायचा. बाया रिकाम्या कळश्या घेऊन खालच्या नदीवर जायच्या, भर उन्हात. माझ्या बावीला पाणी होतं, दरवर्षी असतं तसंच. मी ओटीवर बसून त्यांना जाताना बघायचे. दोन दिवस बघितलं आणि बरं वाटलं. जाऊ देत, म्हटलं, पाय दुखू देत. तिसऱ्या दिवशी तुझं भलं मागायला डोळे मिटले, तर सगळ्या कळश्याच दिसायला लागल्या. डोळे उघडले तरी जाईनात.

मग उठले. मागच्या पाणंदीकडच्या बेड्याचे आडवे बांबू काढून ठेवले. दोर नि बादली बावीच्या काठावर ठेवली. घरात आले आणि दार आतून लावून घेतलं. मी दिसले नाही तर त्यांना नियम मोडायला नको, असा हिशोब. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी बादली आपटल्याचा आवाज आला. मग रोज. सकाळी तास-दीड तास मी आत कोंडून बसायचे आणि बाहेर माझ्या पाण्यावर गर्दी. काय बोलतात ते ऐकू यायचं. माझं चांगलं काही बोलत नव्हत्या. एक म्हणाली, "म्हातारी आतून बघत असेल गो, पटपट भर." मी बघत नव्हते. मी भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत होते.

तुझी जनी येत होती, ते तिच्या खोकल्यावरून कळलं. एकदा उंबऱ्यावर पानात करवंदं ठेवलेली सापडली. अर्धी हिरवीच होती, तेव्हा ती तुझ्या सानवीने ठेवली असणार. सहा वर्षांची पोर, तिला पिकलेलं कळत नाही आणि गावकीही कळत नाही.

दोनदा कौलांवर दगड पडले. भरदुपारी. बाहेर आले तर पाणंदीत कुणी नाही. माझा कुत्रा चार दिवस दिसत नाही. बिबट्याने नेला असेल. बिबट्यानेच नेला असं मी धरून चालते.

माझी गंगा चिपळूणहून निरोपावर निरोप पाठवते, "आई, इकडे ये, नातवंडांत रहा." मी गेले तर उद्या सगळे म्हणतील, नारळ लागला, म्हातारी पळाली. म्हणून जात नाही. लावणीला माणूस मिळणार नाही हे ठाऊक आहे. पुढचा वाफा तेवढा माझ्या हाताने लावीन, बाकी पडीक राहील.

तू सांगितलेलं वर्ष संपायला नऊ महिने आहेत. मी मोजत नाही. सहज लिहिलं.

काकी


मधली वाडी
८ ऑगस्ट २००४, रविवार

सानवीला ताप आहे. आज बारा दिवस झाले. जनीने तुला कळवलं नसेल, तिला तुझी भीती वाटते. म्हणून मी कळवते, मला तुझी वाटत नाही.

आधी गोळ्या दिल्या. उतरायचा आणि संध्याकाळी परत चढायचा. आता पोर जेवत नाही, पोटाला हात लावू देत नाही. गडग्याच्या पलीकडून तिचं कण्हणं ऐकू येतं. मी या बाजूला उभी असते. पलीकडे जायची मला बंदी आहे, आणि जनीला बोलायची.

काल रघू गावकर आणि सहा जण माझ्या खळ्यात आले. पाऊस चालू होता. रघूने चपला बेड्याजवळ काढल्या. माझ्या दारात चपला काढून आलेला गावकर मी पहिल्यांदा बघितला.

म्हणाला, "यमुनाबाई, नारळ उलटलाय."

म्हटलं, "कुणावर?"

"तुम्हांला माहीत आहे कुणावर. तुम्ही तुमच्या देवाकडे काहीतरी केलंत, म्हणून तो तुमच्यावर न येता पोरीवर गेला. बावीचं पाणी देऊन तो तिच्यावर घालवलात."

"मी दार लावून घरात बसले होते रे बाबा."

"तेच. आत बसून काय करत होतात ते कुणी बघितलंय?"

तांदूळ निवडत होते, असं सांगणार होते. कुणी खरं मानलं नसतं.

मग रघूने गावाचं ठरलेलं सांगितलं. सोमवारी मी देवळात यायचं, नारळ हातात घ्यायचा, गडगा सरकवला ते कबूल करायचं आणि सुटका मागायची. तोवर पोरीला कुठे हलवायचं नाही. डॉक्टरकडे नेलं तर देव आणखी चिडेल. रघू वाईट माणूस नाही. हे सांगताना त्याची नजर माझ्या पायांकडे होती. तोही घाबरलाय. घाबरलेली सात माणसं खळ्यात उभी होती, आणि आठवी मी.

जाताना एक जण म्हणाला, "पोरीला काही झालं, तर म्हातारे, मग बघ." कोण ते लिहीत नाही. तुझा मित्र आहे.

आता तुला एक सांगायचं आहे. मार्चमध्ये मी लिहिलं होतं, गडगा होता तिथेच आहे. ते खोटं.

एकोणनव्वदच्या पावसात गडगा ढासळला. तुझा बाप तेव्हा नव्हता, तू मुंबईत कँटीनला होतास. तुझ्या काकांनी आणि मी तो परत रचला. मी दगड देत होते, ते बसवत होते. निम्म्यावर माझ्या लक्षात आलं, ओळ तुझ्या खळ्यात शिरतेय. म्हटलं, "अहो, वाकडा जातोय." म्हणाले, "फणसाचं मूळ आडवं येतंय. तू दगड दे." फणसाचं मूळ कुठे होतं ते मला माहीत होतं. तरी दिले. दोन हात जागा गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माणूस चांगला होता. दर शुक्रवारी उपास करायचा, कुणाचं फुकट खायचा नाही. ही दोन हात जागा मात्र खाल्ली आणि तसाच मातीत गेला. मी पंधरा वर्षं तोंड मिटून बसले. तू नारळ ठेवलास तेव्हाही.

आता माझी भीती काय ती समजून घे. नारळाला मी भीत नाही, हे खरंच लिहिलं होतं. पण तू मागितलंस ते खरं होतं. तुझ्या देवाकडे मागितलंस म्हणून माझ्या देवाला ऐकू गेलं नसेल असं थोडंच आहे. त्याने ऐकलं असेल, आणि माझ्यावर उगारलेला हात त्या पोरीवर पडला असेल तर? पाळकबाबा म्हणतील, देव असं करत नाही. त्यांना म्हणायला काय जातं. त्यांच्या बावीचं पाणी ती प्यायली नाही.

आज सबंध दिवस हेच. प्रार्थनेला बसते तर शब्द येत नाहीत. तुझं भलं मागायची सवय लागली होती, तेवढंच तोंडातून निघतं. म्हणून ते मागते. महिपतचं भलं कर, महिपतचं भलं कर. तुझं भलं व्हायचं म्हणजे पोर वाचायलाच हवी, असं देवाला वेगळं सांगायची गरज पडू नये.

उद्या मी जाणार. नारळाला हात लावणार नाही, तो माझा नाही. बाकी काय बोलायचं ते ठरलेलं नाही. बोलून झाल्यावर ते काय करतील, ते लिहीत नाही. लिहिलं की खरं वाटायला लागतं.

पावसामुळे मासेमारी बंद, नसीमा सुकट घेऊन येते. ती आली की हे तिच्या टोपलीत जाईल.

काकी


रत्नागिरी, दवाखाना
१७ ऑगस्ट २००४

"काकीला सांग, माझ्या पोरीला हात लावायचा नाही." सानवीचं फोनवर कळवल्यावर आलेला हा तुझा निरोप मला शुक्रवारी मिळाला. पाच महिन्यांत तुझ्याकडून आलेला पहिला शब्द. नसीमा सांगायला तयार नव्हती, मीच वदवून घेतला. कमाल फोनवर असताना दुसऱ्यांदा तेच म्हणालास, तेही सांगायला लावलं.

हात लावून झाला आहे, महिपत. त्याच्या दोन दिवस आधीच.

आधी हे वाच, मग शिव्या दे. सानवी जिवंत आहे. तुझ्या खाटेवर बसून घे आणि पुढचं वाच.

सोमवारी मी देवळात गेले. आत नाही, बाहेर, पालखी बसवतात त्या सहाणेपाशी उभी राहिले. सगळं गाव होतं. छत्रीचा दांडा जमिनीत रोवून धरला. गुरवाने नारळ पुढे केला. मी म्हटलं, "तो मी घेणार नाही. ठेवणाऱ्याचा आहे." लोक कुजबुजायला लागले. मग म्हटलं, "गडगा सरकलाय. दोन हात. माझ्या नवऱ्याने रचला, दगड मी दिले. जागा महिपतची आहे, ती त्याला परत. मी गावाचाही अपराध केला नि त्याचाही. माफी मागते."

मला वाटलं होतं बोलून झाल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं. आणखी भ्यायले. आता ह्यांच्या हातात सगळंच आलं, असं वाटलं.

रघू म्हणाला, "मग आता पोर बरी होईल."

मी म्हटलं, "माझ्या तोंडाने पोटातलं दुखणं जात नाही, रघू. पोर दवाखान्यात न्यायची. आत्ता."

तुझा मित्र म्हणाला, "आणि वाटेत काही झालं तर?"

"तर मी आहेच ना. मला जाब विचारा. गंगाला कळवू नका, ती येऊन भांडत बसेल."

कुणी हललं नाही. मग जनी बायकांतून बाहेर आली. ती कशी आहे तुला माहीत आहे, मोठ्याने शिंकत नाही. पोर घोंगडीत गुंडाळून तिच्या कडेवर होती. माझ्याकडे आली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "काकी, चला." गावाने ठरवलेलं गावासमोर मोडलं. माझ्याच हातून पोर पडायची वेळ आली. विस्तव कडेवर घ्यावा तशी तापली होती.

आम्ही निघालो. ओढ्याला पाणी आलेलं. मी थांबले, तर मागून रघू आला. माझ्या हातातून पोर घेतली, खांद्यावर टाकली आणि ओढ्यातून पार झाला. लांज्याकडून येणारी एस.टी. दिसेपर्यंत रस्त्यावर उभा राहिला, तोंड दुसरीकडे करून. बोलायला बंदी आहे ना. न बोलता जेवढं करता येईल तेवढं केलं.

इथे डॉक्टरांनी पोट बघितलं आणि ओरडले. विषमज्वर, आतडं फुटायच्या बेतात. बुधवारी सकाळी फुटलंच. म्हणाले, लगेच पोट उघडायला हवं, वाचेल असं सांगता येत नाही, सही कोण करणार. जनीने भिंत धरली. म्हणाली, "काकी, ह्यांना विचारल्याशिवाय मी सही केली तर हे मला घरात घेणार नाहीत." डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. मी कागद घेतला. यमुनाबाई लवू, असं तुझ्या काकांचं नाव लावून लिहिलं. नातं काय, विचारलं. आजी, लिहिलं. चुलत म्हणायला जागा नव्हती.

मग तीन तास. महिपत, मी आयुष्यात खूप घाबरले आहे. कौलांवर दगड पडायचे तेव्हा मी खाटेखाली शिरायचे, ते तुला लिहिलं नव्हतं. पण असे तीन तास मी काढले नव्हते. माझी सही होती. पोर गेली असती तर गाव बरोबर ठरलं असतं, तू बरोबर ठरला असतास, आणि मला तरी काय म्हणता आलं असतं. मी देवाला म्हटलं, दोन हात जागेचं माझ्याकडून घे. मी इथे बसले आहे, कुठे जात नाही. नंतर तेही मागवेना. नुसती बसून राहिले. पाळकबाबा आले आणि शेजारी बसले. विश्वास ठेवणं म्हणजे काय, मला विचारशील तर तेवढंच सांगता येईल. उठून पळाले नाही.

दुपारी तिला बाहेर आणलं. नाकात नळी, पोटाला पट्ट्या. डॉक्टर म्हणतात अजून आठ दिवस धोका आहे, पू झाला तर परत उघडावं लागेल. ती रोज सकाळी डोळे उघडते, तोवर मी तिच्या खाटेचा दांडा सोडत नाही. काल पाणी मागितलं. मी उकळलेलंच देते, आमच्या बावीचं नव्हे. आरोग्याची बाई वाडीत जाऊन बावीत औषध टाकून आली म्हणे. पाणी माझंच बाधलं का गावच्या चिखलाचं, ते तिलाही सांगता आलं नाही. तेवढं माझ्याजवळ राहणार.

तुला माफ केलं असं मी लिहिणार होते. हात चालला नाही. तुझा निरोप शुक्रवारी आला, शनिवारी सकाळी तुझं भलं मागायला फार जड गेलं. तरी मागितलं. रविवारी जरा कमी जड. एवढंच सांगू शकते. आणि तू मला माफ कर असंही म्हणत नाही, ते तुझं तू बघ. गडग्याचे वरचे दगड सोमवारी देवळात जाण्याआधी काढून तुझ्या बाजूला टाकले. उरलेला तू येशील तेव्हा हवा तिथे रच. दगड मी देईन.

आता काम. नसीमा काल वाडीत जाऊन आली. गावकीने जनीलाही बाहेर काढलं आहे. वाळीतल्या बाईच्या हातात पोर दिली म्हणून. तुझ्या घराला कडी घालून वर दोरा बांधला आहे. रघू म्हणतो, माझ्या एकट्याच्या हातात नाही. नारळ ज्याने ठेवला त्याने उठवला तरच दोरा सुटेल, आणि त्याच्या सहीचा कागद आला तर गुरव त्याच्या वतीने उठवील. जनी रात्रंदिवस एकच विचारते, "काकी, हिला घेऊन जाऊ कुठे?" मी म्हणते माझ्याकडे. पण माझ्या घरात आली तर तिला कायमची माझ्यासारखी करतील. मी म्हातारी आहे, माझं निभेल. तिची तिशी उलटली नाही आणि पोरीला बरी झाली की शाळेत बसायचं आहे. पोरीच्या शेजारी कुणी बसणार नाही, याची मला तिच्या पोटातल्या टाक्यांपेक्षा जास्त भीती वाटते.

नसीमाचा दीर परवा पंधरा दिवसांसाठी मस्कतला निघतोय. हे पत्र त्याच्या हातात देते. तो तुझ्यासमोर उभा राहील आणि तू वाचेपर्यंत हलणार नाही, तशी त्याला नसीमाची ताकीद आहे.

उत्तर तू द्यायचंस. गावकीला, तुझ्या अक्षरात, खाली तुझी सही, की नारळ मी उठवला, माझ्या बायको-मुलीला घरात घ्या. कमालकडून लिहून घेतलेलं चालणार नाही. जनीला पुढे करायचं नाही. गंगाला, पाळकबाबांना मध्ये घालायचं नाही. मला एक ओळही नको. कागद रघूच्या नावाने धाड, आणि तो दीर परत यायच्या आत धाड.

यमुनाबाई